‘मंगर’ विकतो तरी काय?

शब्दांविषयीच्या शंका या सदराकडे गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ‘मंगर’ (monger) या एकाच इंग्रजी शब्दाभोवती फिरणारी होती. ती इथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : ‘फिशमंगर’ म्हणजे मासे विकणारा. ‘वॉरमंगर’ म्हणजे लढाई पेटवू पाहणारा. एक साधा दुकानदार आणि दुसरा उपद्रवी माणूस. दोघांना एकच शेपूट कसे?

शेपटाचा अर्थ दोन्हीकडे एकच, ‘विकणारा’. फरक आहे तो मालात.

‘मंगर’ हा जुन्या इंग्रजीतला ‘मांगेरे’, म्हणजे सरळसरळ व्यापारी. इ.स. १००० च्या सुमारास एल्फ्रिक नावाच्या इंग्रज मठवासी शिक्षकाने मुलांना लॅटिन बोलता यावे म्हणून एक संवाद-पाठ रचला. नांगरधारी, मेंढपाळ, कोळी असे एकेक जण येतात आणि आपले काम सांगतात. त्यांत व्यापारीही आहे, आणि त्याच्या लॅटिन नावावर जुन्या इंग्रजीत लिहिलेला प्रतिशब्द आहे ‘मांगेरे’. तो म्हणतो, मी राजालाही उपयोगी आणि रयतेलाही. जहाजात माल भरून समुद्रापार जातो. रेशीम, रत्ने, सोने, मसाले, मद्य, तेल, हस्तिदंत, कथील, गंधक, काच असे काय काय घेऊन येतो. शिक्षक त्याला खोचकपणे विचारतो, घेतलेस त्याच भावाने विकतोस का रे? तो म्हणतो, मुळीच नाही, मग माझ्या कष्टाचे मला काय मिळाले? थोडे चढ्या भावाने विकतो, त्यावर बायकोपोरांचे पोट चालते. या उत्तरात कुठे खजील झाल्याचा सूर नाही. म्हणजे हजार वर्षांपूर्वी इंग्रजीत हा शब्द स्वच्छ होता.

मात्र त्याआधीचे त्याचे कूळ तितके स्वच्छ नाही. इंग्रजी, जर्मन वगैरे भाषांच्या पूर्वजांनी तो उचलला लॅटिनमधल्या ‘मांगो’वरून. रोममध्ये ‘मांगो’ म्हणजे मालाला रंगरंगोटी करून विकणारा, आणि बहुतेक वेळा गुलामांचा व्यापारी. प्लिनी या रोमन लेखकाने अशा एकाची हकिगत नोंदवली आहे. तोरानियस नावाच्या या ‘मांगो’ने मार्क अँटनी या रोमन सत्ताधीशाला दोन देखणी मुले जुळी म्हणून विकली. पुढे ती बोलू लागली तेव्हा कळले, की एक आशियातला आणि दुसरा आल्प्सपलीकडचा. अँटनी भडकला. त्याने दोघांचे मिळून दोन लाख सेस्टर्स (रोमन नाणी) मोजले होते, आणि त्या काळात साध्या शिपायाचा वर्षाचा पगार हजार सेस्टर्सच्याही आत होता. तोरानियस शांतपणे म्हणाला, किंमत त्याचीच तर आहे. एका आईची मुले सारखी दिसली तर नवल कसले? दोन वेगळ्या देशांतली अशी जोडी मिळणे हे अमोल.

अशा लोकांना आवर घालण्यासाठी रोममध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा नियमच होता : गुलामाचे आजार आणि खोडी विकताना जाहीर सांगायच्या. त्यासाठी गळ्यात पाटी अडकवत. आणि परदेशातून नवा आणलेला गुलाम ओळखू यावा म्हणून त्याचे पाय खडूने पांढरे करत.

या ‘मांगो’च्याही मागे बहुतेक अभ्यासक ग्रीक ‘मांगानोन’ ठेवतात. त्याचा अर्थ युक्ती, क्लृप्ती, जादूटोण्याचे साधन. तेव्हा वाट अशी : क्लृप्ती, मग क्लृप्तीने माल खपवणारा, मग नुसता व्यापारी. आणि सोळाव्या शतकापासून इंग्रजीत याची जी नवी जोडरूपे झाली, त्यांत पुन्हा ‘हलका, बदनाम’ हा वास आला. ‘वॉरमंगर’ त्याच शतकाच्या शेवटचा, ‘स्कँडलमंगर’ (कुटाळक्या करणारा) अठराव्या शतकातला, ‘स्केअरमंगर’ (घबराट पसरवणारा) एकोणिसाव्याच्या अखेरचा. हा वास रोमहून वारशाने आला असे काही जण लिहितात, पण ते पटत नाही. मधली काही शतके शब्द निर्मळ होता. तो इंग्रजीतच नव्याने बाटला.

ओळखायची सोपी खूण अशी : पहिला भाग तराजूत घालता येत असेल (मासे, चीज, लोखंड) तर शब्द निव्वळ धंद्याचा. तो तराजूत घालता येत नसेल (युद्ध, भीती, अफवा) तर ती शिवी. या खुणेला एक मोठा अपवाद आहे, तो शेवटच्या उत्तरात येईल.

प्रश्न : उच्चार ‘मॉन्जर’ की ‘मंगर’?

‘मंगर’. यमक ‘लंगर’शी जुळवा, म्हणजे चूक होणार नाही. ‘ग’ स्पष्ट उच्चारायचा, ‘फिंगर’मधल्यासारखा. ‘डेंजर’, ‘जिंजर’ यांच्या सवयीने जीभ ‘ज’कडे जाते, तिथेच घोटाळा होतो. अमेरिकेत पहिला स्वर पसरून ‘मांगर’ असाही ऐकू येतो, तोही चुकीचा नाही.

लिहिताना ‘ओ’ आणि बोलताना ‘अ’ हे कसे, असेही एका पत्रात आहे. जुन्या इंग्रजीत अनुनासिकाच्या आधीचा ‘आ’ कुठे ‘आ’ तर कुठे ‘ओ’ असा लिहिला आणि बोलला जाई. ‘मंगर’मध्ये ‘ओ’चे लेखन टिकले, उच्चार पुढे सरकला. ‘अमंग’ या रोजच्या शब्दाचेही नेमके हेच झाले आहे. आणि हो, ‘मेंजर’ असा उच्चार असलेला एक वेगळाच शब्द आहे : गुरांची गव्हाण. तो फ्रेंचमधल्या ‘खाणे’ या क्रियापदाच्या घरातला. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचाच फरक असल्याने घाईत वाचताना फसायला होते.

प्रश्न : मंगर, मंग्रेल, मँगो, मंगूस, मँगल ही सगळी एकाच घरातली का?

नाही. बाकीच्या चौघांतला फक्त एक जण ‘मंगर’चा नातेवाईक, तोही लांबचा.

तो म्हणजे ‘मँगल’, धुतलेले कपडे दोन रुळांमधून पिळून सपाट करणारे यंत्र. ग्रीक ‘मांगानोन’चा ‘यंत्र’ असाही अर्थ होता. तोच लॅटिन, जर्मन, डच असा फिरत इंग्रजीत आला. किल्ल्यावर दगड फेकणाऱ्या ‘मँगोनेल’ या यंत्राचेही मूळ तेच. (चेंदामेंदा करणे या अर्थाचे ‘मँगल’ हे क्रियापद मात्र निराळे, ते फ्रेंचकडून आले आहे.)

‘मंग्रेल’, म्हणजे संकराचे कुत्रे, हा ‘मिसळ, सरमिसळ’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून. ‘अमंग’ त्याचाच भाऊ : मूळ अर्थ ‘गर्दीत’. ‘मँगो’ पोर्तुगीज ‘मांगा’वरून, आणि पोर्तुगिजांनी तो द्राविडी भाषांच्या प्रदेशातून नेला, मल्याळममध्ये आजही ‘मांगा’च म्हणतात. रोमच्या ‘मांगो’चा आणि त्या फळाचा काडीचा संबंध नाही.

राहिला ‘मंगूस’. तो तर आपलाच : मराठी ‘मुंगूस’ सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत जाऊन बसला. इंग्रजीत त्याचे अनेकवचन करताना ‘गूस’चे ‘गीस’ होते म्हणून ‘मंगीस’ करणारे लोक आहेत. त्यांना सांगावे, की याचा हंसाशी संबंध नाही. सरळ ‘मंगूसेस’ म्हणा.

प्रश्न : ‘आयर्नमंगर’ म्हणजे लोहार का? एका ब्रिटिश इमारतीच्या कागदपत्रांत ‘आयर्नमंगरी शेड्यूल’ आहे. त्याचे भाषांतर ‘लोहारकामाचे वेळापत्रक’ केले तर चालेल?

अजिबात चालणार नाही. दोन्ही शब्द चुकले आहेत.

आधी पहिला. लोखंड ठोकणारा तो ‘स्मिथ’. तयार लोखंड किंवा लोखंडी वस्तू घेऊन विकणारा तो ‘आयर्नमंगर’. हे दोघे कधीकधी एकमेकांसमोर उभे ठाकत. लंडनच्या आयर्नमंगरांना आधी ‘फेरोनर’ म्हणत. १३०० साली त्यांनी इंग्लंडच्या आग्नेयेकडच्या वील्ड या जंगलपट्ट्यातल्या लोहारांविरुद्ध तक्रार केली, की शहरातल्या गाड्यांच्या चाकांसाठी येणारे लोखंड निकृष्ट आहे. विकणारा वेगळा नि घडवणारा वेगळा हे यातून लख्ख दिसते. या व्यापाऱ्यांच्या संघाला १४६३ मध्ये राजाची सनद मिळाली. लंडनच्या बारा थोर व्यापारी संघांच्या मानाच्या क्रमात तो दहावा. चौथा मान फिशमंगरांचा, त्यांची सनद १२७२ ची. लंडनमधल्या बिलिंग्जगेटच्या घाऊक बाजारात आलेली मासळी तपासायला फिशमंगरांचा हा संघ आजही आपले निरीक्षक ठेवतो. ‘मंगर’ शब्दाला हलके समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता ‘आयर्नमंगरी’. दुकानापुरता अर्थ हार्डवेअरचा माल : खिळे, स्क्रू, कड्या, हत्यारे. पण इमारतीच्या कागदांत या शब्दाचा अर्थ आणखी नेमका होतो : दारे-खिडक्यांवर बसणारे सगळे जोडसामान. बिजागऱ्या, कुलपे, मुठी, कड्या, बोल्ट, दार आपोआप लावणारे क्लोझर, किल्लीच्या भोकाभोवतीची चकती, लाथ लागून दार खराब होऊ नये म्हणून तळाला मारलेला पत्रा. यांत लोखंड असेलच असे नाही. स्टेनलेस स्टील, पितळ, अ‍ॅल्युमिनियम जास्त. तेव्हा ‘दारे-खिडक्यांची फिटिंग्ज’ हे भाषांतर योग्य. अमेरिकन कागदांत याच गोष्टीला ‘डोअर हार्डवेअर’ म्हणतात. तिकडे ‘आयर्नमंगरी’ कोणी म्हणत नाही.

आणि ‘शेड्यूल’ म्हणजे इथे वेळापत्रक नव्हे, तक्ता. प्रत्येक दाराला क्रमांक, त्यापुढे त्या दाराला काय काय, किती, कोणत्या बाजूला. भाषांतर करताना यात तीन ठिकाणी पाय घसरतो :

बिजागऱ्या जोडीत मोजलेल्या असतात. ‘दीड जोडी’ असे दिसले तर ती छपाईची चूक नाही. एका दाराला तीन बिजागऱ्या, म्हणजे दीड जोडी. हा आकडा ‘सुधारून’ दोन केला, की दाराला एक तरी बिजागरी जास्त येणार. आणि दीड हाच आकडा नग समजून पुढे धाडला, तर मागणीच अर्ध्यावर येणार.

कुलपांत ‘मॉर्टिस’ म्हणजे फळीच्या पोटात खाच करून बसवलेले, ‘रिम’ म्हणजे दाराच्या पृष्ठभागावर वरून बसवलेले. दोन्हींना नुसते ‘कुलूप’ लिहिले तर सुताराने खाच करायची की नाही हे कळत नाही.

तिसरे म्हणजे डावे-उजवे. दार कोणत्या बाजूने पाहून डावे म्हटले आहे हे सहसा तक्त्याच्या टिपेत दिलेले असते. ती टीप सर्वांत आधी भाषांतरित करा. ती राहिली तर खालचे सगळे रकाने निरर्थक.

जाता जाता : इंग्रजांतली ‘आयर्मंगर’ आणि ‘आयझमंगर’ ही आडनावे याच धंद्याची. जुन्या इंग्रजीत लोखंडाला ‘ईरेन’ आणि ‘ईसेन’ अशी दोन रूपे होती, ती दोन्ही आडनावांत गोठून राहिली.

प्रश्न : ‘कॉस्टरमंगर’मधला ‘कॉस्टर’ कोण?

एक सफरचंद. ‘कॉस्टर्ड’ ही इंग्लंडमधली मोठ्या सफरचंदांची जुनी जात. अंगावर फासळ्यांसारखे उंचवटे, म्हणून ‘फासळी’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून हे नाव पडले असावे. ती विकणारा तो कॉस्टरमंगर. पुढे सफरचंद मागे पडले आणि हातगाडीवर फळे, भाजी, मासळी असे काहीही घेऊन लंडनच्या रस्त्यांवर ओरडत फिरणारा तो कॉस्टरमंगर, किंवा नुसता ‘कॉस्टर’, असे झाले. त्याला ‘फळविक्रेता’ म्हटले तर अर्थ अर्धा राहतो. ‘फेरीवाला’ हाच बरोबर.

या लोकांची एक गंमत : पोलिसांना आणि गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून ते शब्द उलटे करून बोलत. ‘पेनी’चे ‘येनेप’. ‘बॉय’चे ‘यॉब’, आणि हा ‘यॉब’ आज इंग्रजीत टपोरी पोरासाठी सर्रास वापरला जातो.

प्रश्न : ‘फेलमंगर’ हा शब्द कोशात सापडला, पण काम कळले नाही.

‘फेल’ म्हणजे कातडे. लॅटिन ‘पेलिस’चा नातलग. फेलमंगर मुख्यतः मेंढीच्या कातड्यांचा व्यापारी. पण हा असा मंगर, की जो नुसता विकत नाही, कामही करतो : लोकर वेगळी आणि कातडे वेगळे. म्हणून आजही चर्मोद्योगात ‘फेलमंगरिंग’ हे प्रक्रियेचे नाव आहे. कातडे धुऊन, पाणी निथळवून, त्याच्या मांसाकडच्या बाजूला चुना आणि सोडियम सल्फाइड यांचा लेप देतात. लेप आतून मुरत केसांच्या मुळांपर्यंत जातो, मुळे सैल होतात आणि लोकर हाताने ओढून निघते. लेप लोकरीच्या बाजूला लागला तर लोकरच विरघळते. म्हणून कातडी लेपाकडे लेप अशी घडी घालून ठेवतात. लवकर ओढली तर लोकर तुटते, फार उशीर केला तर कातड्याचा पृष्ठभाग बिघडतो. मराठीत ‘कातड्यांचा व्यापारी’ लिहावे. प्रक्रियेसाठी ‘लोकर उतरवणे’.

प्रश्न : मर्चंट, ट्रेडर, डीलर, चॅपमन हे सगळे व्यापारीच. मग इतके शब्द कशाला?

प्रत्येकाची वाट निराळी आहे. ‘मर्चंट’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे. ‘मार्केट’, ‘कॉमर्स’ हे त्याच्याच घरचे. त्यात मोठेपणाचा, घाऊकपणाचा सूर आहे. ‘डीलर’ मूळचा वाटणारा : ‘डील’ म्हणजे वाटा, पत्ते वाटतात ते हेच. ‘ग्रोसर’ हा आज किराणावाला, पण मुळात ‘ग्रोस’ने, म्हणजे ठोक भावाने विकणारा. ‘स्टेशनर’ म्हणजे एका जागी बसणारा. फिरत्या विक्रेत्यांच्या काळात पुस्तकवाले ठाण मांडून बसत, म्हणून ते नाव त्यांना मिळाले आणि तिथून कागद-पेन्सिलींना.

‘ट्रेड’चा मूळ अर्थ मळलेली वाट. त्यावरून ठरलेला क्रम, मग नेमाने करायचे काम, मग धंदा. याच जुन्या अर्थाने एका दिशेने नेमाने वाहणाऱ्या वाऱ्यांना ‘ट्रेड विंड्स’ म्हटले गेले. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांतले ‘व्यापारी वारे’ हे भाषांतर त्यामुळे नावापुरते चुकलेले आहे. आता ते इतके रुळले आहे, की बदलायचा हट्ट धरू नये.

‘चॅपमन’ मात्र मजेदार. जुन्या इंग्रजीत ‘चेआप’ म्हणजे सौदा, बाजार. लंडनचा ‘चीपसाइड’ हा रस्ता म्हणजे बाजाररस्ता, तिथे स्वस्ताई नव्हती. ‘गुड चीप’ म्हणजे चांगला सौदा. पुढे ‘गुड’ गळले आणि ‘चीप’ हाच शब्द स्वस्त या अर्थाने उरला. जर्मन ‘काउफमान’ त्याचा सख्खा भाऊ, आणि कोपनहेगन या नावाचा अर्थ व्यापाऱ्यांचे बंदर. ‘चॅपमन’चे तोकडे रूप ‘चॅप’. ते आधी गिऱ्हाइकाला वापरत, मग कोणत्याही गड्याला. ‘नाइस चॅप’ म्हणताना आपण मुळात चांगले गिऱ्हाईक म्हणत असतो.

प्रश्न : ‘-मंगर’ लागलेल्या निंदाव्यंजक शब्दांना मराठीत एकच प्रत्यय लावता येईल का? ‘-खोर’ कसा वाटतो?

काही ठिकाणी उत्तम. ‘युद्धखोर’ तर पक्का बसलेला शब्द आहे. पण ‘-खोर’ फारसीतला, अर्थ ‘खाणारा’ : लाचखोर लाच खातो. इंग्रजी प्रत्यय विकणाऱ्याचा, आपला खाणाऱ्याचा. त्यामुळे सगळीकडे तो जोडला तर शब्द तोंडात बसत नाहीत. ‘भीतीखोर’ हा भित्रा वाटतो, घाबरवणारा नव्हे.

अशा वेळी प्रत्ययाचा नाद सोडून मराठीत तयार असलेले घ्यावे. ‘रूमरमंगर’साठी ‘कंडी पिकवणारा’ किंवा ‘वावड्या उडवणारा’. ‘स्कँडलमंगर’साठी ‘कुटाळक्या करणारा’. ‘स्केअरमंगर’साठी ‘घबराट पसरवणारा’. ‘डूममंगर’साठी ‘सदा अभद्र बोलणारा’. बातमीत जागा कमी असली तरी ‘अफवा-विक्रेता’ असले काही करू नका, वाचक अडखळतो. उपरोधाच्या लेखात मात्र ‘भीतीचे व्यापारी’ चालेल, कारण तिथे रूपक वाचकाला दिसायलाच हवे असते.

आता तो अपवाद. ‘होअरमंगर’. धंद्याच्या खुणेने पाहिले तर याचा अर्थ वेश्यांचा दलाल व्हायला हवा, आणि अनेक भाषांतरांत तो तसा केलेला दिसतो. पण १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये आणि त्या काळच्या इतर लेखनात हा शब्द येतो तो वेश्यांकडे जाणाऱ्या पुरुषासाठी. इथे मंगर विकत नाही, विकत घेतो. मराठीत ‘बाहेरख्याली’, जुन्या धाटणीत ‘जारकर्मी’. दलाल मुळीच नाही.